हाड आतून कोण जोडतं? (हाडांच्या पेशी, त्यांच्या खिडक्या आणि आपला खेळाचा तास)



कपिलधारची कार्तिकी पौर्णिमेची यात्रा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मन्मथस्वामींच्या समाधीला आलेल्या दिंड्या परत गेल्या होत्या आणि आमच्या भागातल्या निम्म्याअधिक घरांना कुलपं लागली होती. तुम्ही बीड जिल्ह्यातले असाल तर कुलपांचं कारण सांगायला नको. कारखाने सुरू झाले की टोळ्या निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं, काही पोरं आणि आम्ही मास्तर-बाई.

तर अशातच तिसरीतला एक मुलगा चिंचेच्या झाडावरून पडला. हात मोडला. आईवडील उसाच्या फडात, आजीजवळ राहणारं पोरगं. प्लास्टर घालून चौथ्या दिवशी वर्गात हजर. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, वरून तर नुसता चुना लावलाय. मग आतमधी कोण हाय हाड जोडायला?"

खरं सांगते, मी गप्प झाले. डीएड केलं, बारा वर्षं शिकवते आहे, परिसर अभ्यासात हाडांचा पाठ दरवर्षी घेते. माणसाच्या शरीरात 206 हाडं, हाडांमुळे शरीराला आकार येतो, नाजूक अवयवांचं रक्षण होतं. फळ्यावर सांगाडा काढते, मुलं वहीत काढतात. पण आत कोण आहे? हे मी बारा वर्षांत एकदाही शिकवलं नव्हतं. कारण मलाच माहीत नव्हतं.

मग वाचायला बसले. जे कळलं ते तुमच्यासमोर मांडते, आणि त्यावरून माझं जे मत झालं तेही स्पष्टच सांगते. आपण हाड हे मेलेल्या वस्तूसारखं शिकवतो. ते चुकीचं आहे. आणि या चुकीचा परिणाम आपल्या शाळेच्या वेळापत्रकापर्यंत येतो.

आत कोण कोण राहतं?

हाड म्हटलं की आपल्याला दगड आठवतो. आमच्याकडे तर बालाघाटाचा काळा खडक दारातच आहे, त्यामुळे मुलांना ती तुलना पटकन सुचते. पण खडकाला तडा गेला की गेला. हाडाला तडा गेला तर ते स्वतःला सांधतं, कारण त्यात जिवंत पेशी आहेत.

त्या मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिल्या हाड बांधणाऱ्या, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. मी मुलांना त्यांना गवंडी म्हणून सांगितलं. दुसऱ्या जुनं हाड खरवडून काढणाऱ्या, ऑस्टिओक्लास्ट. जुनं बांधकाम पाडणारे मजूर म्हणा. आणि तिसऱ्या ऑस्टिओसाइट. यांची गोष्ट मला सगळ्यात आवडली. हाड बांधता बांधता काही गवंडी स्वतःच त्या भिंतीत चिणले जातात! पण मरत नाहीत. तिथेच छोट्याशा पोकळीत राहतात, अंगातून बारीक लांब धागे काढतात, आणि खडकातल्या भेगांसारख्या सूक्ष्म नळ्यांमधून ते धागे शेजारच्या पेशींपर्यंत पोचवतात. मोठ्या माणसाच्या हाडातल्या दर दहा पेशींमधल्या नऊहून अधिक या भिंतीतल्या पेशी असतात. संशोधकांनी अंदाज केला आहे की एका माणसाच्या सांगाड्यात त्या सुमारे 4200 कोटी असाव्यात. आपल्या देशाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट. आणि आपण पोरांना 206 हा एकच आकडा पाठ करायला लावतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हे धागे एकमेकांना जिथे टेकतात तिथे नुसता स्पर्श नसतो. तिथे दार असतं. त्याला गॅप जंक्शन म्हणतात. हे दार ज्या प्रथिनाचं बनलेलं असतं त्याचं नाव कनेक्झिन. हाडात मुख्य काम करतं ते कनेक्झिन 43. (43 हा आकडा त्या प्रथिनाच्या वजनावरून आला, बाकी काही गूढ नाही.) एका पेशीच्या भिंतीत सहा कनेक्झिन गोल उभे राहतात, मध्ये भोक राहतं. शेजारच्या पेशीतही तसेच सहा. ही दोन कडी समोरासमोर जुळली की आरपार बोगदा तयार. त्यातून कॅल्शियमचे कण आणि इतर छोटे संदेशवाहक रेणू या पेशीतून त्या पेशीत जातात. मोठी प्रथिनं मात्र जाऊ शकत नाहीत, बोगदा तेवढा अरुंद असतो.

म्हणजे बघा, आमच्या वाड्यात दोन घरांच्या सामाईक भिंतीत एक झरोका होता. त्यातून विरजण जायचं, काडेपेटी जायची, "ताई झोपली का" हेही जायचं. पण घागर काही जायची नाही. तसंच हे.

मग हाड कधी घडतं?

तुम्ही धावता, उडी मारता, चढ चढता, तेव्हा हाड अगदी किंचित, डोळ्याला न दिसणारं वाकतं. त्या वाकण्याने आतल्या सूक्ष्म नळ्यांमधलं पाणी हलतं. भिंतीतल्या पेशीला ते कळतं. तिच्यात कॅल्शियमची लाट उठते आणि ती झरोक्यांमधून शेजारणीला, शेजारणीकडून तिच्या शेजारणीला पोचते. शेवटी पृष्ठभागावरच्या गवंड्यांना निरोप जातो की इथे जोर पडतोय, इथे बांधा. एरवी याच भिंतीतल्या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचा एक पदार्थ सोडून गवंड्यांना आवरून धरतात. ताण पडला की तो पदार्थ कमी होतो.

जोर पडलाच नाही तर? अंतराळवीरांचं उदाहरण मुलांना फार आवडतं. तिथे वजनच जाणवत नाही, त्यामुळे कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्का कमी होते. दीड महिना प्लास्टरमध्ये राहिलेला हातही बारीक होतो. त्यात स्नायू तर वाळतोच, पण हाडही थोडं विरळ होतं. टेनिस खेळणाऱ्यांचं याच्या उलट. ज्या हातात रॅकेट असते त्या हाताचं हाड जाड. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं हे जर्मन शल्यविशारद ज्युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं. ते नेमकं कसं घडतं, निरोप कोण नेतं, हे कळायला पुढची शंभर वर्षं गेली.

कनेक्झिन 43 नसेल तर काय होतं हेही तपासलं गेलं आहे. 1995 मध्ये संशोधकांनी हे प्रथिन मुळीच नसलेले उंदीर तयार केले. ती पिल्लं जन्मल्यावर लगेच मेली, हाडामुळे नव्हे तर हृदयामुळे. त्यांच्या हृदयाची घडणच बिघडली होती. हृदयाच्या पेशी एका ठेक्यात आकुंचन पावाव्यात म्हणूनही तिथे हेच दार लागतं. छातीवर हात ठेवून ठोके मोजायचा खेळ आपण घेतोच, तेव्हा हे जरूर सांगा. मग 2000 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पिल्लांची हाडं पाहिली. कवटीची, फासळ्यांची हाडं उशिरा घट्ट होत होती आणि गवंडी पेशी आपलं काम नीट शिकतच नव्हत्या. म्हणजे मुद्दा फक्त निरोपाचा नाही. पोरवयातली पेशी गवंडी *बनायलासुद्धा* शेजाऱ्यांशी बोलणं लागतं! हे वाचून मला आमचा वर्गच आठवला. एकट्याने पाठ करणारं पोरगं आणि गटात बसून शिकणारं पोरगं यातला फरक आपण रोज बघतो. असो.

गोष्ट इतकी सरळ नाही हेही सांगायला हवं. पुढे फक्त हाडाच्याच पेशींतून हे प्रथिन काढून पाहिलं, तेव्हा उंदीर जगले. त्यांच्या हाडाच्या आतल्या बाजूला पाडापाडी वाढली, भिंत पातळ झाली. पण ताण दिल्यावर हाडाच्या बाहेरच्या बाजूला बांधकाम उलट जास्त झालेलं दिसलं. म्हणजे ही दारं फक्त "बांधा" म्हणत नाहीत, कधी "आता पुरे" असंही म्हणत असावीत. मुलांना विज्ञान शिकवताना आपण हे "पण" नेहमी गाळतो. गाळू नये असं मला वाटतं.

आणि मोडलेलं हाड? तिथे आधी रक्त साकळतं, मग मऊ कूर्चेचा सांधा तयार होतो, त्याचं हळूहळू कठीण हाड होतं, आणि शेवटी महिनोन् महिने घासूनपुसून पूर्वीच्या आकाराला आणलं जातं. हाडाच्या पेशींत कनेक्झिन 43 नसलेल्या उंदरांमध्ये हे सगळं रेंगाळतं. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर असं, की आतमध्ये गवंडी आहेत, पाडणारे आहेत आणि भिंतीतून निरोप देणारे आहेत. प्लास्टर फक्त त्यांना हलू देत नाही, जोडत नाही.

ग्रहण आणि जुळलेली बोटं

इथे जरा वाट सोडून एक सांगते. माणसात या कनेक्झिन 43 च्या जनुकात दोष असला तर एक दुर्मीळ आजार होतो, हे 2003 मध्ये कळलं. त्यात डोळे लहान राहतात, दातांवरचं कवच कच्चं असतं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जुळलेलं असू शकतं, चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांची ठेवण वेगळी होते. एका प्रथिनाचा दोष, आणि डोळा, दात, बोट, हाड सगळीकडे खूण.

बोटं जुळलेली असण्याची कारणं पुष्कळ असतात आणि बहुतेकदा हा आजार नसतोच. शिक्षकाने निदान करायचं नसतं, डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. पण आपल्या गावात असं मूल जन्मलं की पहिलं वाक्य काय येतं? "आईनं ग्रहणात काहीतरी चिरलं असंल." मी हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, तेही शिकलेल्या घरात. नऊ महिने पोट सांभाळलेल्या बाईवर आयुष्यभराचा आळ. पालकहो, बोटं पोटात असतानाच पेशींच्या आपापसातल्या निरोपांनी सुटी होतात, आणि तो निरोप चुकण्याचा विळीशी काही संबंध नाही. एवढं एक वाक्य पालकसभेत बोललं तरी पुरे.

आमची पोरं राबतात की!

आता माझ्या मताकडे येते. मुलींमध्ये साधारण अठरा आणि मुलांमध्ये वीस वर्षांपर्यंत हाडाची आयुष्यभराची नव्वद टक्क्यांच्या आसपास कमाई होऊन जाते. पुढे फक्त ती शिल्लक जपायची असते. म्हणजे हाडाचं खातं आपल्या ताब्यात असतानाच भरतं, पहिली ते दहावीत. आणि आपण काय करतो? खेळाचा तास शिष्यवृत्तीच्या सरावाला देतो. मीही दिलेला आहे, खोटं कशाला बोलू. चाचणी जवळ आली की पहिला बळी मैदानाचा. चौथीच्या पुढच्या मुली तर ओट्यावर बसून राहतात, त्यांना कुणी उठवतही नाही.

मी हा विषय शिक्षकांच्या बैठकीत काढला तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, "अहो बाई, आमची पोरं फडात राबतात, शेळ्या वळतात, हंडे आणतात. त्यांना वेगळ्या उड्या कशाला?" सगळे हसले. मला लगेच उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय ते लिहिते.

राबणं आणि खेळणं हाडाला सारखं नसतं. हाडाच्या पेशींना थोडा वेळ, वेगवेगळ्या दिशांनी, मधे विश्रांती देऊन पडणारा ताण आवडतो. लंगडी, दोरीवरच्या उड्या, लगोरी, खो-खो यात नेमकं तेच आहे. तोच तो भार तासन् तास राहिला की भिंतीतल्या पेशी बधिर होतात, प्रतिसाद कमी होतो. शिवाय लहान मुलाच्या लांब हाडांच्या टोकाशी वाढीची मऊ पट्टी असते. डोक्यावर जड वजन, वाकून तासन् तास काम, अपुरी झोप आणि पोटात नुसती भाकरी-चटणी यातून हाड घडत नाही, झिजतं. तेव्हा सर, राबणाऱ्या पोराला खेळाचा तास इतरांपेक्षा जास्त लागतो, कमी नाही.

आणि गवंड्याला नुसता निरोप देऊन भागत नाही, वाळू-सिमेंटही लागतं. कॅल्शियम आपल्या ज्वारी-बाजरीत फार थोडं आहे. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तिळात त्याच्या कितीतरी पट, शेवग्याच्या पाल्यातही भरपूर. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आपण वर्षातून एकदा करतो. थंडीभर करायला कुणी अडवलंय? शेवगा तर बांधावर उभा असतो, आपण शेंगा काढतो आणि पाला शेळीला टाकतो. ऊन फुकट आहे, ते आमच्याकडे जरा जास्तच आहे.

आयांच्या हाडांचं काय

हे लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. पण बीड जिल्ह्यात राहून हाडांवर लिहायचं आणि हे टाळायचं, ते जमेना.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांच्या जोडीला अवजाराचं नाव. या कोयत्यातल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक. त्यात तिशी-चाळिशीच्या आतल्या कितीतरी. म्हणजे माझ्या वयाच्या. माझ्या विद्यार्थ्यांच्या आया.

हाडाशी काय संबंध? बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हाड पाडणाऱ्या पेशींना लगाम घालतं आणि भिंतीतल्या निरोप्या पेशींना जगवतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर ते एका दिवसात तुटतं. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. भिंतीतल्या पेशी मेल्या की झरोके रिकामे, मग डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना हाड वाकलं तरी निरोप घ्यायला आत कुणी नसतं. अशी बाई पन्नाशीत पाठीत वाकते आणि आपण म्हणतो, कामानं वाकली.

यात शिक्षिका काय करणार, असं तुम्ही विचाराल. फार नाही. पण पालकसभेला आलेली आई "बाई, डॉक्टर म्हणतेत पिशवी काढून टाका, कटकट जाईल" असं म्हणते तेव्हा "दुसऱ्या डॉक्टरला, सरकारी दवाखान्यात एकदा दाखवा, आणि अंडाशयं काढणार का ते विचारा" एवढं मी म्हणू शकते. आता म्हणते. ज्यांची झाली आहे त्यांना कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल आणि हाडांच्या तपासणीबद्दल आशाताईंकडे पाठवते. याआधी मी फक्त मुलाची हजेरी सांगून पाठवायचे.

वर्गात कसं घेतलं

तिसरी-चौथीच्या मुलांना गॅप जंक्शन हा शब्द द्यायची गरज नाही. आम्ही मैदानात बारा मुलं घेतली. सहा जणांचं एक कडं, त्याला पाठ लावून दुसरं सहा जणांचं. मधल्या जागेतून एका बाजूच्या मुलांनी दुसरीकडे चिंचोके द्यायचे. मग मी एका मुलाला कड्यातून बाहेर काढलं. कडं वाकडं झालं, चिंचोके सांडले. "बाई, एक जण गेला तर दारच बिघडलं!" हे वाक्य मी शिकवलं नव्हतं.

नंतर पपईच्या पोकळ देठाच्या नळ्या केल्या. नळीतून मोहरी जाते, ज्वारी जाते, चिंचोका अडतो. कुठला निरोप जातो आणि कुठला नाही हे पाच मिनिटांत कळतं. प्लास्टरवाला गडी पंच होता, त्याला एका हातानेच शिट्टी वाजवायची होती.

त्याचं प्लास्टर गेल्या आठवड्यात निघालं. दोन्ही हात शेजारी धरून त्याने स्वतःच सगळ्यांना दाखवलं की डावा बारीक झालाय. रात्री आजीच्या फोनवरून त्याने फडातल्या आईला हे सगळं सांगितलं म्हणे, गवंड्यांसकट. आमच्या वेळापत्रकात बुधवार आणि शनिवारचा खेळाचा तास आता कुणी मागितला तरी मी देत नाही, त्यावरून थोडी धुसफूस चालू आहे. तुमच्या शाळेत हा तास कसा टिकवता ते मला जरूर कळवा.

आणि हो, नळ्यांचा खेळ घेणार असाल तर पपईचे देठ आदल्या दिवशीच तोडून ठेवा. ताज्या देठाचा चीक हाताला लागला की पोरं खाजवत बसतात.